गोळी, साखर आणि दीड महिन्याची तपासणी

(शाहूपुरी, कोल्हापूर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव 'स्त्रियांचे आरोग्य' असं छापलंय. मी कळवलेलं नाव लांब होतं आणि त्यात 'गर्भनिरोधक' हा शब्द होता. तो का गाळला असेल ते मी समजू शकते. पत्रिका घरोघरी जाते, नातवंडं मोठ्यानं वाचतात. ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी मात्र तो गाळू दिला नसता. तेव्हा विषय आधी स्पष्ट सांगते. पाळणा लांबवण्यासाठी बायका हार्मोनच्या ज्या गोळ्या आणि इंजेक्शनं घेतात, त्यांनी रक्तातली साखर वाढते का? त्यातून मधुमेह होतो का? आणि जिला मधुमेह आहेच, तिनं काय करायचं? समोर बरीच पुरुष मंडळी बसलीत. त्यांनी कृपा करून उठू नये. गोळी बायको गिळत असली तरी ती गिळायची की नाही, याचा निकाल बहुतेक घरांत दुसरंच कोणीतरी देतं.

गुळाच्या पेठेत उभं राहून साखरेवर बोलायचं म्हणजे थोडी पंचाईत आहेच. शाहू महाराजांनी वसवलेल्या या व्यापारी पेठेनं कोल्हापुरी गुळाचं नाव देशभर नेलं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण दवाखान्यात रोज कोणीतरी विचारतं, "साखर बंद केली बाई, गूळ चालतोय न्हवं?" नाही चालत. गुळात खनिजं थोडी जास्त असतील, पण त्यातला मोठा वाटा साखरेचाच आहे आणि रक्तात गेल्यावर तो साखरेसारखाच वागतो. व्यापारी बंधूंनी रागावू नये.

कोल्हापूरला बायकांच्या वैद्यकाचा जुना वारसा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या, तेव्हा त्यांच्या हातात कोल्हापूर संस्थानची नेमणूक होती. अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलचा स्त्री-विभाग त्यांनी सांभाळायचा होता. क्षयानं त्यांना रुजू होऊ दिलं नाही. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या. पुढं याच गावात डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी बायकांवर उपचार केले. ते जुनं हॉस्पिटल म्हणजे आपलं आजचं सीपीआर. अशा गावात हा विषय कुजबुजत बोलावा लागू नये.

कुजबुज काय असते तेही सांगते. आमच्याकडे येणारी बाई खुर्चीत नीट टेकत पण नाही आणि एका दमात म्हणते, "गोळीनं आंग सुटतंय, शुगर लागतीया, आन् पुढं दिवस ऱ्हात न्हाईत म्हणं." या तीन भीतींपैकी तिसरी साफ खोटी आहे. गोळी बंद केली की बहुतेकींची पाळी आणि बीज लवकरच पूर्ववत होतं. इंजेक्शन बंद केल्यावर मात्र काही महिने उशीर लागू शकतो. पहिली भीती इंजेक्शनच्या बाबतीत बरीच खरी आहे, गोळीच्या बाबतीत फारशी नाही. दुसरी भीती म्हणजे साखरेची. तिच्यासाठी मी इथं उभी आहे आणि तिला एका वाक्यात उत्तर नाही. निरोगी, तरुण बाईला आजची कमी मात्रेची गोळी मधुमेह देत नाही. पण काही बायकांमध्ये, काही प्रकारच्या हार्मोनांनी साखर वर सरकते. त्या बायका कोण, हे आधी शोधायला हवं. आपण नेमकं तेच करत नाही आणि गोळीला नावं ठेवत बसतो.

थोडं मागं जाऊ. १९२१ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटो शहरात बँटिंग आणि बेस्ट यांच्या हाती इन्सुलिन लागलं. त्याच वर्षी मुंबईत रघुनाथ धोंडो कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. दोघांची एकमेकांना खबर असण्याचं कारण नव्हतं. इन्सुलिनच्या शोधाला दोन वर्षांत नोबेल मिळालं. कर्व्यांना विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, पुढं 'समाजस्वास्थ्य' चालवताना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. जुलै १९२७ पासून स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ते मासिक पदरमोड करून चालवलं. त्यांच्याजवळ गोळी नव्हती. टोप्या, स्पंज असलीच साधनं होती. पण बाईला मूल कधी हवं हे बाईनं ठरवायचं, हे त्यांनी छातीठोकपणे लिहिलं. माझ्या मते मधुमेही बाईच्या बाबतीत हे वाक्य निव्वळ वैद्यकीय सल्ला म्हणूनही खरं ठरतं. त्यावर नंतर येते.

गोळी आली १९६० साली. त्या वर्षी अमेरिकेत 'एनोव्हिड'ला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली. तिच्या एका गोळीत मेस्ट्रॅनॉल नावाचं इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं आणि प्रोजेस्टिन जवळपास दहा मिलिग्रॅम. आता हे पाकीट पाहा. मागच्यांना दिसत नसेल तर पुढं पाठवते, परत मात्र द्या. ही माला-एन, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. अठ्ठावीस गोळ्या आहेत. त्यातल्या एकवीस पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या. एकेका गोळीत एथिनिल इस्ट्राडिऑल हे इस्ट्रोजेन ३० मायक्रोग्रॅम आणि लिव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन ०.१५ मिलिग्रॅम. उरलेल्या सात तांबूस गोळ्या लोहाच्या. त्यांत हार्मोन नाही, म्हणून पुष्कळ बायका त्या कचऱ्यात टाकतात, आणि मग पुढचं पाकीट सुरू करायचा दिवस चुकतो. त्या सात गोळ्या रोजची सवय मोडू नये म्हणून आहेत आणि अंगात रक्त कमी असलेल्या आपल्या बायकांसाठीही आहेत. एनोव्हिडच्या दहा मिलिग्रॅमच्या शेजारी हे ०.१५ ठेवून बघा. आजी-पणजीच्या काळातल्या गोळीची कीर्ती आजच्या गोळीला चिकटलेली आहे.

ती कीर्ती अगदीच फुकट मिळालेली नव्हती. १९६६ साली लंडनच्या व्हिक्टर विन आणि डोअर यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की गोळी घेणाऱ्या बायकांना ग्लुकोज पाजलं तर त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त चढते आणि सावकाश उतरते. लाखो बायका गोळी घेत असताना हे बाहेर आलं. त्याच सुमारास रक्तात गाठी होण्याच्याही तक्रारी आल्या आणि कंपन्यांना मात्रा खाली आणावी लागली. विन यांच्याच चमूनं १९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मोठा अभ्यास छापला. नऊ प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्या १,०६० बायका आणि गोळी न घेणाऱ्या ४१८. मात्रा कमी केल्यानंतरही संयुक्त, म्हणजे दोन्ही हार्मोनांच्या, गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ग्लुकोज पाजल्यावर साखर जास्त चढत होती आणि तिला आवरायला शरीर जास्त इन्सुलिन सोडत होतं. किती जास्त, हे बरंचसं गोळीतल्या प्रोजेस्टिनवर अवलंबून होतं.

हे का होतं? याचा अंदाज बायकांना कोणी न सांगता असतो. ज्या मधुमेही बाया घरी ग्लुकोमीटरनं साखर बघतात, त्यांतल्या काही सांगतात की पाळीच्या आधीच्या आठवड्यात आकडा वर असतो. त्या दिवसांत शरीरात प्रोजेस्टेरॉन जास्त असतं. गरोदरपणात हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. वारेतून येणारी हार्मोन्स आईच्या शरीराला इन्सुलिनकडे कानाडोळा करायला लावतात, म्हणजे पोटातल्या बाळाला साखर मुबलक मिळते. निरोगी स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडून तोल सांभाळतं. ज्याची ताकद आधीच बेताची, ते थकतं आणि गरोदरपणातला मधुमेह उघडा पडतो. गोळीतली हार्मोन्स याच रस्त्यानं जातात, फक्त फार हळू पावलांनी. इस्ट्रोजेन मुख्यतः यकृताच्या कामात ढवळाढवळ करतं. लिव्होनॉरजेस्ट्रेलसारखं पुरुषी हार्मोनांकडे झुकणारं प्रोजेस्टिन स्नायूंना इन्सुलिन थोडं कमी मानायला लावतं. तीन महिन्यांच्या इंजेक्शनातलं मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन काही अंशी स्टिरॉइडच्या गुणाचं आहे, शिवाय त्यानं काही बायकांची भूक आणि वजन वाढतं. वजन वाढलं की साखर मागोमाग येते.

मग एवढं सगळं असताना गोळीनं मधुमेह होत नाही असं मी कशी म्हणते? कारण ग्लुकोज पाजल्यावर साखर थोडी जास्त चढणं वेगळं आणि मधुमेह जडणं वेगळं. अमेरिकेतल्या परिचारिकांवर झालेल्या मोठ्या, वर्षानुवर्षांच्या पाहण्यांत, तेव्हा गोळी घेत असलेल्या बायकांना मधुमेह जास्त झाला असं दिसलं नाही. स्वादुपिंडात जोर असेल तर तेवढा भार ते सहज उचलतं.

पण ज्यांचा जोर आधीच बेताचा आहे त्यांचं काय? इथं मला एक अभ्यास जरा सविस्तर सांगायचा आहे, कारण तो मी नव्या डॉक्टरांना नेहमी वाचायला लावते आणि बहुतेकजण त्यातला चुकीचा आकडा लक्षात ठेवतात. सिरी क्यॉस या डॉक्टरबाई लॉस एंजेलिसमध्ये गरोदरपणात मधुमेह झालेल्या लॅटिनो बायकांवर उपचार करत. बाळंतपणानंतर ज्यांची साखर उतरली अशा ९०४ जणींचा त्यांनी पुढं मागोवा घेतला, काहींचा तर साडेसात वर्षांपर्यंत. १९९८ साली तो छापून आला. कमी मात्रेची संयुक्त गोळी घेणाऱ्यांत वर्षाला शंभरामागे साधारण दहा जणींना मधुमेह झाला. बाळाला अंगावर पाजताना नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी घेणाऱ्यांत शंभरामागे सव्वीस. इतर गोष्टी जमेस धरूनही धोका जवळपास तिप्पट निघाला. अंगावर पाजताना शरीरात इस्ट्रोजेन कमी असतं, त्यामुळं प्रोजेस्टिनचा परिणाम मोकळा सुटतो, असा त्यांचा तर्क होता. हा सव्वीसचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. त्या गटात फक्त ७८ बायका होत्या हे राहत नाही. आणि तिसरा आकडा तर कोणीच सांगत नाही. ज्या बायकांनी हार्मोन घेतलंच नाही, त्यांच्यातही दर वर्षी शंभरामागे जवळपास नऊ जणी मधुमेही होत होत्या.

गोळी नाही, इंजेक्शन नाही, तरी वर्षाला शंभरात नऊ. संयुक्त गोळीवाल्या दहा आणि काहीच न घेणाऱ्या नऊ यांच्यातल्या फरकावर आपण वर्षानुवर्षं भांडतो आणि त्या नऊ जणींना बाळंतपणानंतर बोलवायला विसरतो.

इंजेक्शनचं उत्तर थोडं वेगळं आहे. २००१ साली नाव्हाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या बायकांवरचा अभ्यास आला. संयुक्त गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत तीन महिन्यांचं इंजेक्शन घेणाऱ्यांत मधुमेहाचा धोका तिपटीहून अधिक दिसला. पुढं २००६ साली लॉस एंजेलिसच्याच गटानं गरोदरपणात मधुमेह झालेल्या बायकांत पाहिलं तर तिथंही वाढ होती, पण वाढलेलं वजन, आधीचा कल आणि रक्तातली चरबी हिशेबात धरल्यावर ती बरीच विरली. म्हणजे इंजेक्शन घेतलं तर वजनकाट्यावर दर तीन महिन्यांनी उभं राहायचं. आपल्याकडे हे इंजेक्शन 'अंतरा' या नावानं २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे. सिस्टर इंजेक्शन देतात, कार्डावर पुढची तारीख लिहितात. त्याच कार्डाच्या कोपऱ्यात वजन आणि साखर लिहायला पेनातली किती शाई जाणार आहे?

आता कोणी म्हणेल, लॅटिनो आणि नाव्हाहो बायकांशी आमचा काय संबंध? संबंध आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि आपले ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचं शरीर. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी जन्मलेल्या बाळांपासून हेच मोजलं. बाळ वजनानं लहान, पण चरबी राखलेली. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दहा कोटींवर मधुमेही निघाले आणि त्याच्या उंबरठ्यावर तेरा कोटींवर. तेव्हा "मी कुठं जाड आहे बाई?" हे वाक्य कोल्हापुरात आणि पुण्यात सुटकेचं कारण होऊ शकत नाही.

आता आपल्या राज्याकडे वळते, कारण माझा खरा मुद्दा इथं आहे. महाराष्ट्रात गोळीची एवढी चर्चा होते, पण गोळी घेणाऱ्या बायका अगदी थोड्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात गोळी घेणाऱ्या विवाहित बायका ५.१ टक्के, इंजेक्शनवाल्या ०.६ टक्के आणि ऑपरेशन झालेल्या ३७.९ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या बायकांचं ऑपरेशन झालेलं असतं. नवऱ्याची नसबंदी देशभरात ०.३ टक्के. समोरच्या पुरुष मंडळींनी हा आकडा ऐकून माना खाली घालायची गरज नाही, पण वर ठेवण्यासारखंही काही नाही. नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे आणि तिचा बायकोच्या साखरेवर काडीचाही परिणाम होत नाही.

ऑपरेशननं साखर वाढत नाही हे खरं. पण ऑपरेशननंतर काय होतं ते पाहा. दुसरं मूल झालं, सिझर असेल तर तेव्हाच, नाहीतर आठवडाभरात ऑपरेशन उरकलं. घरच्यांच्या दृष्टीनं बाईचा आणि दवाखान्याचा संबंध तिथं संपला. गोळी घेणारी बाई निदान पाकीट आणायला तरी येते. इंजेक्शनवाली दर तीन महिन्यांनी दंड पुढं करते. ऑपरेशन झालेली बाई पुन्हा दिसते ती दहा-बारा वर्षांनी, पायाची जखम भरत नाही म्हणून किंवा चष्म्याचा नंबर सारखा बदलतो म्हणून. तेव्हा साखर तपासावी तर तीनशेच्या वर. जुने कागद चाळले की सापडतं, दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात साखर निघाली होती, पथ्य सांगितलं होतं. बाळंतपणानंतर पुन्हा तपासायला कोणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि राहून गेलं.

गरोदरपणातली साखर शोधायची पद्धत आपल्या देशानं सोपी केली आहे. चेन्नईच्या डॉ. शेषय्यांनी मांडलेली ही रीत सरकारनंही स्वीकारली. उपाशी यायची गरज नाही. पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज साधारण तीनशे मिली पाण्यात कालवायचं, मळमळू नये म्हणून वर लिंबू पिळायचं, पाच-दहा मिनिटांत संपवायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. साखर १४० किंवा वर आली की मधुमेह समजून उपचार सुरू. गरोदर बाई हे करते, कारण बाळासाठी ती काहीही करते. बाळंतपणानंतर दीड महिन्यानं हेच पाणी पुन्हा प्यायचं असतं, त्या वेळी उपाशीपोटी. उपाशी साखर १२६ किंवा त्यावर, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा त्यावर गेली तर मधुमेह कायमचा. दोन तासांनी १४० ते १९९ आली तर उंबरठ्यावर. या दुसऱ्या वेळी बाई थांबत नाही. बाळ रडतं, एसटी सुटते, सासूबाई बाहेर ताटकळतात, आणि स्वतःसाठी दोन तास बसायची तिला सवयच नसते. काही ठिकाणी त्याऐवजी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून देतात. बाळंतपणानंतर लगेच तिच्यावर विसंबू नये. रक्तस्राव आणि लोहाची कमतरता यांनी तो आकडा फसवा येतो. ग्लुकोजचं पाणीच प्यायला हवं.

ज्या बाईला गरोदरपणात मधुमेह झाला, तिला पुढं मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो. या आकड्यापुढं गोळीचा परिणाम शोधायला भिंग घ्यावं लागतं. अशा बाईला कुठलीही गर्भनिरोधक पद्धत वर्ज्य नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेची नियमावली सांगते. मी स्वतः मात्र अंगावर पाजणाऱ्या अशा बाईला आधी तांबी सुचवते. तांबीत हार्मोन नाही, दहा वर्षांची तांबी मिळते, दूध आटत नाही. मधुमेहात तांबीनं जंतुसंसर्ग होतो हा समज डॉक्टरांमध्येही आहे आणि तो टाकून द्यायला हवा. दुसरा पर्याय 'छाया'. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच घ्यायची. रविवार आणि बुधवार ठरवून कॅलेंडरवर खूण केली की चुकत नाही. पीसीओडी असेल तर मात्र छाया घेऊ नये.

पीसीओडीचं नाव निघालंच आहे. आज गर्भनिरोधक गोळीची चिठ्ठी ज्यांच्या हातात पडते, त्यांत अविवाहित मुली बऱ्याच असतात. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, पुरळ, वाढतं वजन. आई गोळीचं पाकीट कपाटात साड्यांखाली ठेवते, कारण पाहुण्यांनी पाहिलं तर लग्न मोडेल. आणि आईचा पहिला प्रश्न असतो, "हिला शुगर लागेल का हो यानं?" या आजारात इन्सुलिनला दाद न देण्याचा कल मुळातच असतो. साखरेचा धोका आजाराचा आहे, गोळीचा नव्हे. २०२१ साली ब्रिटनमधल्या चौसष्ट हजारांवर पीसीओडीवाल्या बायकांच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासात संयुक्त गोळी घेणाऱ्यांत साखर बिघडण्याचा धोका उलट चतुर्थांशानं कमी दिसला. नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आहे, तो तेवढ्याच वजनानं घ्यावा. पण भीतीपोटी गोळी बंद करून मुलीला तसंच सोडून देणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. पीसीओडी ठरलं त्याच वेळी ग्लुकोजचं पाणी पाजून साखर पाहावी आणि पुढंही एक ते तीन वर्षांनी पाहत राहावी.

आणखी एक गोळी आहे, जिला कोणी हार्मोन म्हणतच नाही. गौरी-गणपती, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, घरचं लग्न, वास्तुशांत. या दिवसांत औषधाच्या दुकानात 'पाळी पुढं ढकलायची गोळी' विचारून बघा. नॉरएथिस्टेरॉन, पाच मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. म्हणजे दिवसाला पंधरा मिलिग्रॅम. हेच औषध गर्भनिरोधक म्हणून ज्या छोट्या गोळीत असतं, तिथं मात्रा ०.३५ मिलिग्रॅम. चाळीस पटीहून अधिक. शिवाय त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. माला-एनच्या नावानं बोटं मोडणारी सासूबाई ही गोळी सुनेला स्वतः आणून देते. पाळीत देवापुढं उभं राहू नये हे मला पटत नाही, पण तो वाद आज काढत नाही. एवढंच सांगते की आठवडाभराच्या या गोळीनं कोणाला मधुमेह जडत नाही. पण जिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे, डोळ्यांवर किंवा मूत्रपिंडावर परिणाम झालाय, पायात कधी गाठ झाली होती, तिनं ती दुकानातून परस्पर घेऊ नये. आणि नवरात्रात तर तीन गोष्टी एकत्र येतात. ही गोळी, नऊ दिवसांचा उपास आणि उपासाची साबुदाण्याची खिचडी. सकाळी मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेऊन बाई दुपारपर्यंत उपाशी राहते, साखर खाली जाऊन घाम फुटतो, संध्याकाळी साबुदाण्यानं तीच साखर वर उसळते. अंबाबाईच्या रांगेत चक्कर आलेल्या बायकांना आधी साखर द्या, मग तपासा.

आता जिला मधुमेह आहेच तिच्याविषयी. बाळाचं हृदय, पाठीचा कणा, मेंदू यांची जडणघडण पहिल्या आठ आठवड्यांत होते. पाळी चुकली, वाट पाहिली, चाचणी केली, डॉक्टरकडे आली, तोवर त्यातला बराचसा काळ गेलेला असतो. त्या आठवड्यांत आईची साखर बेफाम असेल तर बाळात व्यंग राहण्याचा आणि गर्भ पडण्याचा धोका कितीतरी वाढतो. रक्तदाबासाठी आणि कोलेस्टेरॉलसाठी मधुमेही लोक जी औषधं घेतात, त्यांतली काही गर्भाला घातक, ती दिवस जाण्याआधीच बदलायला हवीत. म्हणून तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसहाच्या आसपास येईपर्यंत दिवस जाऊ देऊ नयेत आणि तोवर भरवशाचं साधन वापरावं. मधुमेही बाईच्या उपचारात हे साधन मेटफॉर्मिनच्या शेजारी लिहिलं पाहिजे.

कुठलं साधन? मधुमेहाचे दुष्परिणाम झालेले नसतील तर संयुक्त गोळीसुद्धा चालते. सुरुवातीला साखर जरा जवळून पाहायची, गरज पडली तर औषध थोडं वाढवायचं. डोळ्यांवर, मूत्रपिंडावर, नसांवर परिणाम झाला असेल, किंवा मधुमेहाला वीस वर्षं उलटली असतील, तर संयुक्त गोळी नको आणि तीन महिन्यांचं इंजेक्शनही शक्यतो नको. रक्तदाब १६० वर १०० च्या पुढं असेल तर संयुक्त गोळी अजिबात नाही. पस्तिशीनंतर विडी-सिगारेट असेल तरी नाही, आणि मशेरीचंही खरं सांगावं, लाजू नये. यातल्या सगळ्यांना तांबी चालते. एक नवी गोष्टही ऐकून ठेवा. वजनासाठी आणि साखरेसाठी २०२५ पासून आपल्याकडे तिर्झेपाटाइडचं इंजेक्शन मिळतं. त्यानं पोट सावकाश रिकामं होतं आणि गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जात नाही. ते सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी मात्रा वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे निरोधही वापरावा. शिवाय वजन उतरलं की पीसीओडीवालीचं बीजही सुटायला लागतं, आणि "मला कुठं दिवस जातायत" म्हणणारी बाई दुसऱ्या महिन्यात उलट्या घेऊन येते.

शेवटी संयोजकांना आणि इथं बसलेल्या डॉक्टर मित्रांना एक सुचवते. आमच्या दवाखान्यात आम्ही ते सुरू केलंय. गरोदरपणात जिची साखर निघाली, तिच्या फाइलवर लाल खूण. बाळंतपणानंतर तिला वेगळी तारीख द्यायची नाही, कारण वेगळ्या तारखेला ती येत नाही. पण दीड महिन्यानं बाळाची लस असते आणि लस कोणतीही आई चुकवत नाही. त्याच सकाळी तिला उपाशी यायला सांगायचं. आली की आधी तिचं रक्त, मग ग्लुकोजचं पाणी, मग बाळाला लस. लस दिल्यावर अर्धा तास थांबायचंच असतं, राहिला दीड तास. तेवढ्यात तांबी, छाया, गोळी, अंतरा, सगळं तिच्यापुढं मांडायचं आणि सासूबाईंना बाहेर बाळ धरायला सांगायचं. ऑपरेशन झालेलं असेल तरीही तिला असंच बोलवायचं. दोन तासांनी दुसरं रक्त घेतलं की तिच्या हातात दोन आकडे, आणि वर्षानं पुन्हा यायची तारीख. ती तारीखही बाळाच्या नवव्या महिन्याच्या गोवराच्या लसीवेळी आठवण करून द्यायची.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात. नावं लिहिली नाहीत ते बरं केलंत. आता प्रश्न घेऊ.